महाराष्ट्रातला वसंत पहिल्यांदाच नीट अनुभवायचा असेल तर: माघापासून वैशाखापर्यंत काय पाहावं, लावावं, खावं आणि कुठे जावं

वसंत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि गार वारा येतो. महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या अखेरीला घराबाहेर पडून बघाल तर वेगळंच दिसेल. डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, ओढे आटलेले, सागाची पानं झडून रानभर पसरलेली. आणि नेमक्या याच दिवसांत निष्पर्ण पळसावर केशरी फुलं येतात, काटेसावरीवर लालभडक पेले उमलतात, पिंपळाला तांबूस पालवी फुटते. आपल्याकडचा वसंत कोरड्या उन्हातून येतो आणि घाईने जातो. पळसाचा ऐन भर दोन-तीन आठवडे, ओल्या काजूगरांचा मोसम महिना-दीड महिना, मोगरा छाटायची वेळ त्याहून कमी. कशाची वेळ केव्हा, हे आधी माहीत असलं तरच तो हाती लागतो. म्हणून हा लेख वेळेच्या क्रमाने लिहिला आहे.

आधी पंचांगाबद्दल. चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, पण झाडं माघातच कामाला लागतात. शिवाय चांद्र महिने पुढेमागे सरकतात: गुढीपाडवा 2024 साली 9 एप्रिलला होता, 2025 साली 30 मार्चला आणि 2026 साली 19 मार्चला. झाडं ऊन, दिवसाची लांबी आणि जमिनीतली ओल यांच्या हिशेबाने चालतात. तेव्हा सण पंचांगातून बघा आणि ऋतू झाडावरून.

एक झाड निवडा

नवख्या माणसाने पहिल्याच वर्षी पन्नास झाडांची नावं पाठ करायला जाऊ नये. रोजच्या वाटेवरचं एक झाड निवडावं. पिंपळ, कडुलिंब, आंबा, काटेसावर, बहावा यांपैकी कुठलंही चालेल. मला विचाराल तर पिंपळ निवडा, कारण तो सगळीकडे आहे आणि त्याचे बदल झपाट्याने होतात. आज जुनी पानं, पुढच्या आठवड्यात जवळजवळ बोडकं झाड, आणि त्यानंतर काही दिवसांत सगळ्या अंगावर गुलाबी-तांबूस, काचेसारखी पारदर्शक पालवी.

माघाच्या सुरुवातीपासून आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, झाडाखाली उभं राहून चारच गोष्टी वहीत लिहा: जुनी पानं किती उरली, नवी पालवी आहे का, कळ्या-फुलं किती, झाडावर कोण आलंय. मोबाइलवर एकाच जागेवरून एक फोटो काढून ठेवा. सीझनवॉच नावाचा नागरिक-विज्ञान प्रकल्प देशभरातल्या झाडांच्या अशाच साप्ताहिक नोंदी गोळा करतो. त्यात झाड नोंदवलंत तर तुमच्या निरीक्षणाचा इतरांनाही उपयोग होईल.

पालवी तांबूस का असते, याकडे जरा थांबून बघा. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं तयार झालेलं नसतं आणि अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. प्रखर उन्हापासून त्याचं कोवळ्या पानाला संरक्षण मिळतं, असं मानलं जातं. कुसुमाच्या झाडावर हा प्रकार इतका भरात असतो की मार्चमध्ये घाटातून जाताना लांबून ते झाड लाल फुलांनी डवरल्यासारखं वाटतं. जवळ गेलं की कळतं, ती सगळी पानं आहेत.

फुलोऱ्याचा क्रम ध्यानात घ्या

सगळी झाडं एकदम फुलत नाहीत. एकामागून एक पाळी येते, आणि हा क्रम डोक्यात बसला की दर आठवड्याला काय शोधायचं ते कळतं. जागेनुसार आठ-पंधरा दिवसांचा फरक पडतो. क्रम साधारण असा.

काटेसावर सर्वांत आधी, जानेवारीच्या अखेरीपासून. पाठोपाठ पांगारा आणि पळस, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. उघड्या कातळावर आणि टेकड्यांवर याच सुमारास सोनसावर फुलते. एकही पान नसलेल्या फांद्यांच्या टोकाला हाताच्या तळव्याएवढी पिवळीधमक फुलं. कांचन आणि सीता अशोकही याच काळातले. मार्च-एप्रिलमध्ये कडुलिंबाला बारीक पांढरी फुलं येतात. ती डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, पण संध्याकाळी रस्त्यावरून जाताना गोडसर वासावरून झाड शोधता येतं. मोहाची फुलं याच दिवसांतली, ती पहाटे गळतात. करंज एप्रिलमध्ये नव्या पोपटी पानांसकट फुलतो. मग बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हणीचे जांभळे तुरे, एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. ते अनेकांनी पाहिलेलं असतं, पण ओळखलेलं नसतं.

यातली बरीचशी झाडं पानं झाडून मग फुलतात. यामागचं कारण समजून घेतलं की सगळा ऋतू उलगडतो. उन्हाळ्यात पानांतून पाणी उडून जातं, म्हणून झाड ती टाकून देतं. पानांचा आडोसा नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, आणि पळस, पांगारा, काटेसावर यांच्या लाल-केशरी फुलांतला मध पक्ष्यांना बोलावून घेतो. परागीभवन होऊन शेंगा-बोंडं मेपर्यंत पिकतात. काटेसावरीचा कापूस वाऱ्यावर उडतो, पळसाच्या चपट्या शेंगा भिरभिरत लांब जाऊन पडतात, आणि पहिल्या पावसाच्या आधी बी जमिनीवर पोचलेलं असतं. फेब्रुवारीतल्या फुलाचा सगळा हिशेब जूनच्या पावसाशी जुळलेला आहे. बागेचं नियोजनही आपण याच हिशेबाने करणार आहोत.

पाहायला जायचं ते सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात. फुललेल्या काटेसावरीखाली अर्धा तास शांत बसलात तर साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, पोपट, कावळे आणि खारी एकाच झाडावर येऊन गेलेल्या दिसतील. दुर्बीण नसली तरी चालेल.

एक सावधगिरीची सूचना. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर आणि कितीतरी रस्त्यांकडेला फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसतात. ती बहुतेक वेळा गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची असतात. हे झाड मध्य अमेरिकेतून आलेलं. दिसतं सुंदर, फोटोही काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच टेकडीच्या उतारावर एखादा पळस किंवा पांगारा असेल तर तिथे जा. पक्ष्यांची खरी वर्दळ तिथे आहे. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा आणि नीलमोहोर दक्षिण अमेरिकेतला. शहरातल्या रस्त्यांवर तेच जास्त असल्यामुळे वसंत म्हणजे गुलमोहोर असं अनेकांना वाटतं. मला मनापासून वाटतं की या ऋतूची ओळख पळसापासून व्हावी.

कान उघडे ठेवा

कुहू-कुहू करणारा नर कोकीळ असतो, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके असलेली, आणि तिचा आवाज किक्-किक् असा कर्कश. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून कावळे तिच्या मागे लागलेले दिसले की आसपास घरटं आहे असं समजा. भर दुपारी एकसुरी टुक्-टुक्-टुक् ऐकू येतं तो तांबट, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. तो वाळक्या फांदीला गोल भोक पाडून त्यात घरटं करतो. यासाठीच सोसायटीतल्या झाडांच्या वाळक्या फांद्या छाटण्याआधी त्यांत अशी भोकं आहेत का ते पाहावं, आणि असतील तर छाटणी पुढे ढकलावी. एप्रिल-मेमध्ये पावशा ‘पेरते व्हा’ म्हणायला लागला की पावसाच्या तयारीला लागायची वेळ झाली.

बागेचं काम मार्चच्या मध्याआधी उरका

ज्यांची बाग म्हणजे चार कुंड्यांची गॅलरी आहे त्यांनाही हे लागू आहे. आपल्या वसंतातल्या बागकामात निम्मं काम लावणीचं आणि निम्मं पुढच्या उन्हापासून झाडं वाचवण्याचं असतं.

कुंडी बदलायची असेल तर फेब्रुवारीतच बदला, फार तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. त्यानंतर मुळं दुखावली तर कडक उन्हात झाड सावरत नाही. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान घेतलं तर सुरुवातीला पुरे. हाताला गरम लागणारं किंवा वास मारणारं शेणखत कच्चं असतं, ते घेऊ नका.

मोगरा असेल तर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात छाटा. मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात. प्रत्येक फांदी तिसऱ्या हिश्शाने कमी करा, जुनी पानं काढा, वरची माती हलवून मूठभर शेणखत किंवा गांडूळखत घाला आणि पाणी द्या. कुंडी दिवसातून निदान पाच-सहा तास उन्हात हवी. मोगरा वाढतोय पण फुलत नाही या तक्रारीमागे बहुतेकदा सावली किंवा न केलेली छाटणी असते.

भाज्या निवडताना नवखे लोक हमखास कोथिंबीर, मेथी आणि पालक लावतात. या थंडीतल्या भाज्या. मार्चच्या उन्हात त्या उंच होऊन तुऱ्यावर येतात आणि पानं मिळत नाहीत. त्याऐवजी पालेभाजीसाठी माठ, राजगिरा आणि अंबाडी लावा, आणि फळभाज्यांत भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारलं. पहिल्या वर्षी भेंडी, माठ आणि एक वेल एवढंच पुरे.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल लावा. बारा इंची कुंडीत एक, फार तर दोन रोपं. लावल्यापासून साधारण दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी तोडायला येते, आणि एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. कारल्याच्या बीचं कवच टणक असतं. टोकाला नेलकटरने जराशी चीर पाडून बी दिवसभर भिजवलं तर लवकर उगवतं. वेलाला अठरा इंची कुंडी किंवा मोठी ग्रो बॅग आणि चढायला सुतळीचा मांडव हवा. मांडव वेल उगवण्याआधी बांधा, नंतर बांधताना शेंडे मोडतात.

वेलाला फुलं भरपूर पण फळ एकही नाही, हा गॅलरीतल्या बागेचा नेहमीचा प्रश्न. काकडी, दुधी, कारलं, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे देठावर इवलंसं फळ दिसतं, नर फुलाच्या मागे साधा देठ. वेलावर आधी नर फुलंच येतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस घाबरायचं कारण नाही. मादी फुलं आल्यावरही ती पिवळी पडून गळत असतील तर मधमाश्या पोचत नाहीत असं समजा आणि स्वतः परागीभवन करा: ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवा. इथे वेळेला महत्त्व आहे. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळी. दुधीला सकाळी दहा वाजता हात लावून काही उपयोग नाही.

पाणी सकाळी लवकर द्या. रोज किती, याला नेम नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघा, आत कोरडं लागलं तर द्या. मातीवर दोन-तीन इंच वाळलेल्या पानांचं आच्छादन घातलं की ओल टिकते. एप्रिल लागला की दुपारच्या उन्हाच्या बाजूला पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा. सिमेंटच्या गच्चीवर कुंड्या थेट ठेवू नका, खाली विटा द्या.

आच्छादनाला पानं कुठून आणायची? या दिवसांत ती सगळीकडे पडलेलीच असतात, आणि आपल्याकडे लोक ती पेटवून देतात. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये बंदी घालून 5,000 रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25,000. दंडाचं राहू द्या, ती पानं म्हणजे फुकटचं खत आहे. भोकं पाडलेल्या गोणीत किंवा जाळीच्या पिंपात ती दाबून भरा, प्रत्येक थरावर थोडं शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा, ओलसर ठेवा आणि महिन्यातून एकदा खालीवर करा. पाच-सहा महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, रानातल्या मातीचा वास येणारं खत मिळतं. पावसाळ्यात आपोआप ओल मिळते, त्यामुळे मार्चमध्ये भरलेली गोणी गणपतीच्या सुमारास वापरता येते.

पक्ष्यांसाठी मातीचं उथळ भांडं ठेवा, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

ताटात काय, केव्हा

मोसमाचं खायचं तर मंडईत टोपल्या घेऊन बसलेल्या मावश्यांकडे बघा. दुकानात वर्षभर मिळणाऱ्या वस्तूंवरून ऋतू कळत नाही.

महाशिवरात्रीच्या आगेमागे कवठं येतात. पिकलेलं कवठ वासावरून ओळखता येतं. शंका असेल तर फूटभर उंचीवरून फरशीवर टाकून बघा, कच्चं टणकन उसळतं, पिकलेलं बसकं पडतं. गर, तेवढाच गूळ, मीठ, तिखट आणि जिरं एकत्र वाटलं की चटणी झाली. याच दिवसांत शेवग्याच्या शेंगा भरात असतात आणि नवी चिंच येते. वर्षाची चिंच आत्ताच घ्या, फोडून, मीठ लावून बरणीत भरा.

पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा, चिंच, मीठ असं वाटून खातात. ज्यांनी कधी खाल्लं नाही त्यांना कडू वाटेल. कोवळी, लालसर पानंच घ्या, ती जून पानांपेक्षा पुष्कळ सौम्य असतात, आणि झाडाला याच वेळी ती फुटलेली असतात.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर चैत्रगौर असते. हळदीकुंकवाला आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड-काकडीच्या फोडी. तुमच्या घरी गौर बसत नसली तरी आंबेडाळ आणि पन्हं शिकून घ्याच, दोन्हींना फार कौशल्य लागत नाही.

आंबेडाळ अशी करा. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून निथळून घ्या. पाणी न घालता दोन-तीन हिरव्या मिरच्यांबरोबर भरड वाटा. भरड म्हणजे कणी हाताला लागली पाहिजे, गंधासारखी झाली तर चव जाते. त्यात पाऊण वाटी कैरीचा कीस, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर घाला. कैरी किती आंबट आहे त्यावर किसाचं प्रमाण कमी-जास्त करा. तेलात मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरचीची फोडणी करा, ती निवू द्या आणि मग वरून घाला. गरम फोडणी घातली तर डाळीचा ताजेपणा जातो. ही डाळ त्याच दिवशी संपवायची, उन्हाळ्यात ती टिकत नाही.

पन्ह्यासाठी कैऱ्या सालीसकट कुकरमध्ये उकडा, निवल्यावर साल आणि कोय काढून गर चाळणीतून घाला. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ, वेलदोड्याची पूड, असेल तर केशर. गूळ विरघळला की बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. पेलाभर गार पाण्यात दोन-तीन चमचे घालून ढवळलं की झालं. उन्हातून येणाऱ्या माणसाला देण्यासारखं याहून चांगलं काही मला माहीत नाही.

कोकणात फेब्रुवारी-मार्चपासून ओले काजूगर मिळतात. त्यांची उसळ एकदा तरी खावी. सोललेलेच गर विकत घ्या. काजूच्या कवचातला चीक कातडी भाजतो, आणि तो सोलण्याचं काम सरावाच्या हातांचं आहे. हे गर महाग का असतात तेही त्यावरून कळतं. फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, तीही तेव्हाच येते. चिरताना हाताला आणि विळीला तेल लावायला विसरू नका.

आणि आंबा. फेब्रुवारीत पहिल्या पेटीच्या बातम्या येतात, पण त्यामागे धावू नका. एप्रिलच्या मध्यानंतर आवक वाढते, भाव उतरतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा पेटी कुठल्या गावची, कुठल्या बागेची हे विक्रेत्याला विचारायला संकोच करू नका. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे. शक्य असेल तर तयार कच्चे आंबे घ्या आणि घरी पेंढ्यात अढी घाला: एक थर पेंढा, एक थर आंबे, देठ वर. रोज हात लावून बघा, पिकलेला आधी काढा. देठाजवळचा वास ही खरी परीक्षा, नुसत्या रंगावर जाऊ नका. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. मे महिन्यात रायवळ येतात, छोटे, रेषाळ, चोखून खायचे. ते जरूर आणा. प्रत्येक झाडाची चव वेगळी, आणि तीच त्यांची मजा.

करवंदं एप्रिलच्या अखेरीला, पानाच्या द्रोणात. ताडगोळे, रातांबे (कोकमाची फळं) त्याच सुमाराला. जांभळं त्यानंतर.

प्रवास ठरवताना

पहिली गोष्ट, कास पठाराचा बेत या दिवसांत करू नका. तिथली फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली. आत्ता तिथे वाळलेलं गवत आणि कातळ आहे.

पळसासाठी विदर्भ गाठा, फेब्रुवारीच्या अखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. नवेगाव-नागझिरा, पेंच आणि ताडोबा तिन्हींकडे तो आहे, पण पळस बघायला सफारीच हवी असं नाही. भंडारा-गोंदियाकडच्या रस्त्यांवर, शेतांच्या बांधांवर तो ओळीने उभा दिसतो. नागपुरात उतरून गाडी केलीत आणि दोन दिवस गावांमधून फिरलात तरी डोळे भरतील. सफारी हवी असेल तर आरक्षण बरंच आधी करा. ताडोबाचा गाभा भाग मंगळवारी बंद असतो. सकाळी लवकर निघून अकराच्या आत सावलीत या. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो. तेव्हा लहान मुलांना आणि वयस्करांना घेऊन हा प्रवास करू नये.

मोहाच्या रानात पहाटे फुलं वेचणारी माणसं दिसतील. ती हौसेखातर आलेली नसतात, ते त्यांचं वर्षाचं उत्पन्न असतं, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोहफुलांसारख्या रानातल्या उत्पन्नावर, तिथल्या आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. फुलं उचलू नका, विचारून फोटो काढा. खायची असतील तर त्यांच्याकडून विकत घ्या.

कोकण मार्चमध्ये. फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरतात, त्याच वेळी काजू आणि कुयरी आलेली असते. शिमग्याला चाकरमानी गावी जातात, त्यामुळे कोकण रेल्वेचं तिकीट आरक्षण खुलं होताच काढा. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत हे गावागणिक ठरतं. ओळखीच्या माणसाकडून आधी विचारून घ्या.

सह्याद्रीच्या माथ्यावर मार्च ते मे दरम्यान अंजनी फुलते. सदाहरित रानातलं हे झाड, फांद्यांना चिकटून येणारे निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. महाबळेश्वर आणि माथेरान दोन्हीकडे आहे. माथेरानला खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे पायी फिरत ते निवांत बघता येतं. भीमाशंकरला गेलात तर झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष ठेवा, शेकरू दिसेल. तो आपला राज्यप्राणी. डहाळ्या-पानांचं त्याचं गोल घरटं फांद्यांत उंचावर असतं. आणि पिकल्या फळांनी लगडलेला वड किंवा उंबर दिसला की थांबा, पिवळ्या पायांची हिरवी कबुतरं, म्हणजे राज्यपक्षी हरियाल, पानांत मिसळून बसलेली असण्याची शक्यता असते.

डोंगरात जाताना माणशी तीन लिटर पाणी घ्या, वाटेतली टाकी आटलेली असतील असं धरूनच. रानात काडी ओढू नका, चूल मांडू नका. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि वणवा डोंगरभर पसरतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ हाच आहे.

वैशाखात बिया गोळा करा

मेमध्ये उन्हाने जीव नकोसा होतो, तरी सकाळी तासभर पिशवी घेऊन बाहेर पडा. आपण फेब्रुवारीपासून ज्या झाडांकडे बघत आलो त्यांच्या बिया आता तयार असतात. पळसाची शेंग चपटी, कागदासारखी, टोकाला एकच बी. ती फार काळ टिकत नाही, त्यामुळे त्याच पावसाळ्यात लावायची. बहाव्याच्या हातभर काळ्या शेंगा फोडून बिया काढा. कवच टणक असतं, सँडपेपरवर घासून रात्रभर भिजवल्या तर उगवण चांगली होते. आंब्याची कोय आणि जांभळाची बी वाळू न देता, खाल्ल्यापासून काही दिवसांतच मातीत घाला. बिया खाली पडलेल्याच उचला, आणि सगळ्या उचलू नका.

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली चार भोकं पाडा, माती आणि पानांचं खत भरा, प्रत्येकीत एक बी, आणि पिशवीवर झाडाचं नाव व तारीख. पहिली रोपं जुलैत वीतभर होतील. ती त्याच वर्षी जमिनीत लावण्यापेक्षा वर्षभर पिशवीत, मग मोठ्या पिशवीत वाढवून पुढच्या जूनमध्ये लावलेली बरी, जगण्याची शक्यता वाढते. जागा आत्ताच बघून ठेवा. विजेच्या तारांखाली नको, भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला कोणीतरी जवळ राहणारं हवं. सोसायटीच्या किंवा रस्त्याकडेच्या जागेसाठी परवानगी लागते. ती मिळवायला हाताशी एक वर्ष आहे.